ब्रह्मकमळ कुंडीत वाढवताना: नाशिकच्या गॅलरीतल्या नोंदी

आपल्याकडे घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते एपिफायलम ऑक्सिपेटलम, म्हणजे निवडुंगच. मूळचं दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतलं. तिथे ते झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून वाढतं. उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवणारं. या नोंदी त्याच्याबद्दल नाहीत. पुढे मी 'पानं' लिहिलं आहे ती खरं तर चपटी खोडं आहेत, पण रोपवाटिकेतही सगळे पानच म्हणतात.

वाळवंटातला निवडुंग समजून याचं पाणी तोडलं तर ते सुरकुततं आणि फूलझाड समजून भारी मातीत लावलं तर कुजतं. तीन वर्षांत माझ्याकडे जे जे बिघडलं, ते बहुतेक या दोनांपैकी एका समजुतीमुळे. ज्यांना पान आणून लावायचं आहे त्यांनी आधी हे वाचावं म्हणून तारखेनिशी लिहीत गेले.

जागा: नाशिक, तिसरा मजला. पूर्वेची गॅलरी, पश्चिमेची ड्राय बाल्कनी आणि हॉलची उत्तरेकडची खिडकी.

१२ जून २०२२

दापोलीहून आत्याकडून सहा पानं आणली. चार जुनी, जाड, गडद हिरवी; दोन कोवळी, फिकी आणि पातळ. सगळी साधारण वीतभर. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत आडवी ठेवली, प्रवासात काही झालं नाही. पानाचं खालचं टोक कुठलं हे आत्याने कापतानाच स्केचपेनने खूण करून दिलं. मधून कापलेल्या तुकड्यांची दोन्ही टोकं सारखीच दिसतात, त्यामुळे ही खूण फार उपयोगी पडली.

१५ जून २०२२

सगळी पानं लावली. आठ इंची प्लॅस्टिकच्या तीन कुंड्या, ६० रुपयांना एक. माती गुलाबासाठी आणलेली होती, तीच घातली: लाल माती आणि शेणखत. कापलेलं टोक आठवडाभर सावलीत सुकू द्यायचं असं आत्याने सांगितलं होतं. पाऊस सुरू झाला म्हणून घाईने तसंच लावलं.

४ जुलै २०२२

दोन्ही कोवळी पानं बुडाशी तपकिरी आणि मऊ पडली. हात लावला तर हातात आली. वास आंबूस. म्हणून बाकीचीही उपटून पाहिली. जुन्यांपैकी दोन बुडाशी काळपट झाली होती, दोन ठीक, पण मूळ एकालाही नाही.

माती दाबून घट्ट झालेली आणि आतपर्यंत ओली. ओल्या जखमेभोवती ओली घट्ट माती आणि वर रोजचा पाऊस. कुजायला एवढं पुरतं.

काय केलं: सुरी स्पिरिटने पुसून काळपट भाग कापला. कापलेली जागा आतून पूर्ण हिरवी दिसेपर्यंत कापत गेले, मधे तपकिरी ठिपका राहिला तर पुन्हा वर कापलं. मग चारही पानं टोपलीत आडवी टाकून घरात, पंख्याखाली नाही पण हवेशीर जागी ठेवली. हळद लावा अगर लावू नका, टोकाला कोरडी खपली धरणं महत्त्वाचं. पावसाळ्यातला लावणीचा सगळ्यात चांगला महिना यात गेला.

१० जुलै २०२२

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगं, माती कशाला घातलीस? माझं झाड आंब्याच्या बेचक्यात सोडणावर बसलंय. त्याला मी कधी चिमूटभर माती घातलेली नाही."

तिथे असताना मी ते झाड पाहिलं होतं, पण मुळं कशात आहेत ते पाहिलं नव्हतं. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, बेचक्यात दाबलेली, त्यात आंब्याची पानं पडून कुजतात, पाऊस येतो आणि वाहून जातो. जंगलात हे झाड जसं राहतं, जवळपास तसंच.

१७ जुलै २०२२

नवं मिश्रण. कोकणात सोडण फुकट मिळतं, नाशिकात मंदिराबाहेरच्या नारळवाल्याकडून मागून आणलं. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. हे काम वेळखाऊ आहे, कोयत्याशिवाय होत नाही. तुकडे बादलीत भिजत घातले आणि पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत रोज बदललं. नव्या सोडणातला रंग आणि क्षार निघून जायला हवेत.

प्रमाण: सोडणाचे तुकडे तीन वाटे, कुजलेला पालापाचोळा दोन वाटे, जाड रेती एक वाटा, गांडूळखत एक वाटा. वरून मूठभर लाकडी कोळशाचे तुकडे आणि मूठभर निंबोळी पेंड. रेती चाळून बारीक पूड काढून टाकली. ती ठेवली तर खाली बसते आणि कुंडीची भोकं बंद करते. रेतीऐवजी परलाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे) चालेल, पण किलोला दीडशेच्या पुढे जातो आणि हलका असल्यामुळे झाड मोठं झालं की कुंडी वाऱ्याने आडवी होते.

कुंडीला खाली चार भोकं होती. तापवलेल्या सळईने बाजूलाही भोकं पाडली. मुळांना हवा मिळण्यासाठी या बाजूच्या भोकांचा उपयोग खालच्यांपेक्षा जास्त होतो असं माझं मत झालं आहे.

पानं दोन बोटं खोल लावली, काडीला सुतळीने सैल बांधली. पहिला आठवडा पाणी अजिबात नाही. मिश्रणात होती तेवढीच ओल.

कुंडी १ मध्ये दोन पानं, पूर्वेच्या गॅलरीत. कुंडी २ ड्राय बाल्कनीत, कुंडी ३ हॉलच्या खिडकीत, त्यांत एकेक. झाडाला जागा कुठली मानवते ते कळावं म्हणून तीन ठिकाणी ठेवली.

२१ ऑगस्ट २०२२

तिन्ही कुंड्यांत मुळं धरली. उपटून पाहायची गरज नसते. सुरकुतलेलं पान पुन्हा भरून ताठ झालं आणि हळूच ओढल्यावर हललं नाही, की मूळ धरलं.

६ नोव्हेंबर २०२२

कुंडी १ मधून बुडाशी एक धुमारा आला. पानासारखा नाही, गोल, पेन्सिलएवढा जाड, लालसर, अंगावर बारीक केस, आणि सरळ वर चाललेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे रानटी आहे, काढून टाक." काढू नका. तेच या झाडाचं मुख्य खोड. पुढे त्याच्या शेंड्याकडे आणि कडांना चपटी पानं फुटतात आणि फुलं त्या पानांच्या खाचांत येतात. हे सोटे कापत राहिलात तर झाड वाढणार नाही.

८ जानेवारी २०२३

थंडी. निफाडचा पारा रोज पेपरात. कुंडी १ गॅलरीत उघड्यावरच आहे, पण भिंतीला लावून ठेवली. रात्री दहा अंशांच्या खाली गेलं त्या दिवसांत जुनी चादर वरून टाकली. पाणी आठवड्यातून एकदा, तेही दुपारी आणि थोडं. वाढ थांबली आहे. थांबू दिली.

१६ एप्रिल २०२३

एकाच आठवड्यात दोन दुखणी.

कुंडी २ भाजली. ड्राय बाल्कनीत दुपारी दोननंतर थेट ऊन येतं, मार्चपर्यंत झाडाने सोसलं. आता पानांवर पांढुरके डाग पडून ते मधे कागदासारखे वाळले. हे डाग परत हिरवे होत नाहीत. कुंडी उचलून पूर्वेच्या गॅलरीत आणली. डागाळलेली पानं तशीच ठेवली आहेत, उरलेला हिरवा भाग काम करतो.

कुंडी १ ची पानं रोज पाणी देऊनही मऊ आणि सुरकुतलेली. कुंडी उचलली तर हलकी लागली. सोडण एकदा पूर्ण कोरडं झालं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं आणि ताटलीत साठतं. ताटलीत पाणी दिसतं म्हणून मी समजत होते की पाणी पुरतं आहे. उपाय सोपा: बादलीत पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवली, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवली, मग निथळत ठेवली. दोन दिवसांत पानं भरली. तेव्हापासून उन्हाळ्यात आठवड्याला एक बुडवणी ठरलेली, आणि एरवी पाणी कुंडी उचलून वजन पाहून.

ताटल्या काढून टाकल्या.

७ मे २०२३

सावलीची हिरवी जाळी, पन्नास टक्के ऊन अडवणारी, गॅलरीच्या ग्रिलला बांधली. ३५० रुपये. सकाळचं ऊन नऊपर्यंत थेट, नंतर जाळीतून.

सोसायटीत बोअरचं पाणी सुरू आहे. मिश्रणावर पांढरा थर धरतो, तो वरवर खरवडून टाकते आणि पाऊस आला की कुंडी पावसात ठेवून धुऊन काढायची असं ठरवलं आहे.

३ सप्टेंबर २०२३

पावसाळाभर नुसती वाढ. कुंडी १ चा सोटा छातीपर्यंत गेला, पानं हातभर लांब. कळी एकही नाही. जूनपासून दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत) देत होते, शिवाय वरून गांडूळखत. झाडाने ते सगळं पानांत घातलं. पानं मोठी पण लुसलुशीत, रंग पोपटी. आत्याच्या झाडाची पानं याच्यापेक्षा लहान, जाड आणि काठाला लालसर होती.

कुंडी ३ त्याहून वाईट. हॉलमध्ये उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, झाडाला पुरत नाही. पानं दोन बोटं रुंद, लांबच लांब, काचेकडे वाकलेली. खिडकीच्या आतल्या बाजूला झाड जगतं, एवढंच.

नत्राचं खत बंद.

२२ ऑक्टोबर २०२३

पिठ्या ढेकूण. पानाच्या मधल्या शिरेजवळ आणि खाचांत कापसासारखे पुंजके. काळ्या मुंग्यांची रांग आधी दिसली होती, तिच्याकडे दुर्लक्ष झालं. मुंग्या चढू लागल्या की पानाची मागची बाजू पाहा, ढेकूण बहुतेक सापडतात.

कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसला. मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नीट ढवळून संध्याकाळी फवारलं. उन्हात फवारलं तर तेलाने पानं भाजतात. दर आठवड्याला एकदा, किडा दिसायचा थांबला तरी पुढे दोन वेळा. तेलाची बाटली १२० रुपये, अजून संपलेली नाही.

खाचेतला पुंजका टोकरून काढू नका. कळी त्या खाचेतूनच यायची असते, तिथला कोंब दुखावला तर ती खाच गेली.

१७ डिसेंबर २०२३

कुंडी १ आणि २ शेजारी शेजारी, पूर्वेच्या गॅलरीत, ग्रिलच्या अगदी जवळ. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन थेट मिळू दिलं, जाळी गुंडाळून ठेवली. पाणी कमी. वरचं बोटभर मिश्रण कोरडं झाल्यावरच. खत काही नाही. कळी धरायला हा गार, कोरडा विसावा मदत करतो. नाशिकची थंडी इथे कामाला येते. मुंबईतल्या ओळखीच्यांना तितकी थंडी मिळत नाही, ते निदान पाणी तरी कमी करू शकतात.

काकूंचा सल्ला होता की जुनी पानं छाटली तर फूल येईल. नेमकं उलटं आहे. फुलं पिकलेल्या, जाड पानांवर येतात आणि एका खाचेतून एकदाच. जुन्या पानावर न फुललेल्या खाचा शिल्लक असतात, ते पान कापणं म्हणजे पुढच्या वर्षीची फुलं कापणं. वाळलेलं आणि कुजलेलं तेवढं काढलं.

१० मार्च २०२४

पिंपळगावच्या ओळखीच्या द्राक्ष बागायतदाराकडून वाटीभर ०:५२:३४ मिळालं. यात नत्र नसतं, स्फुरद आणि पालाश असतं. लिटरला एक ग्रॅम, मिश्रण आधी ओलं करून मग, दर पंधरा दिवसांनी, मे अखेरपर्यंत. कृषी सेवा केंद्रात किलोचं पाकीट घेतलं तर दोनशेच्या पुढे जातं आणि दोन कुंड्यांना ते वर्षानुवर्षं संपणार नाही. सोसायटीत चौघांत मिळून घ्यावं.

जास्त घालण्याचा मोह टाळा. या झाडाची मुळं बारीक आणि थोडी असतात, खताची तीव्रता त्यांना सोसत नाही.

१२ मे २०२४

कबुतरांनी कुंडी २ मध्ये काड्या आणून टाकल्या आणि एक सोटा मोडला. मोडलेला सोटा फेकला नाही, त्याचे तुकडे करून सुकत ठेवले. कुंडीत बांबूच्या काड्या उभ्या खोचल्या, त्यानंतर बसायला जागा उरली नाही.

२ जुलै २०२४

कुंडी १ वर खाचांतून टोकं दिसली. कळी की नवं पान हे पहिल्या आठवड्यात ओळखणं कठीण असतं. पान चपटं, हिरवट आणि बाहेरच्या दिशेने वाढतं. कळी गोलसर, टोकदार, गुलाबी छटेची, आणि थोडी मोठी झाली की तिचा देठ खाली लोंबायला लागतो. यातली तीन लोंबू लागली आहेत.

१६ जुलै २०२४

तिन्ही गळल्या. देठ आधी पिवळा पडला, मग कळी स्पर्शाने सुटली.

दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या होत्या. पावसाचा मारा जोरात होता म्हणून कुंडी आत घेतली, आणि फोटोसाठी तोंड फिरवलं. शिवाय आत आल्यावर दोन दिवस पाणी द्यायचं राहिलं. कळी धरलेल्या झाडाला उजेडाची दिशा बदललेली आणि मुळं कोरडी पडलेली चालत नाही. कळी दिसल्यापासून कुंडी जागची हलवायची नाही, फिरवायची नाही, आणि मिश्रण सतत किंचित ओलं ठेवायचं. पावसाला घाबरायचं कारण नव्हतं, हे मिश्रण कितीही पाऊस खाली सोडून देतं.

कुंडीच्या काठावर पांढऱ्या रंगाने खूण केली, भिंतीकडची बाजू कायम भिंतीकडेच राहावी म्हणून.

५ ऑगस्ट २०२४

पुन्हा टोकं. कुंडी १ वर पाच, कुंडी २ वर, भाजलेल्या त्या जुन्या पानावरच, एक. कुंड्यांना हात लावलेला नाही. एका पानावर दाटीने तीन आल्या आहेत, विरळणी केलेली नाही.

२८ ऑगस्ट २०२४

कळ्या बोटभराहून लांब. आतापर्यंत देठ खाली लोंबत होते, काल-परवापासून त्यांनी वळण घेतलं आणि कळ्यांची तोंडं वर उचलली गेली. हे वळण आलं की फूल एक-दोन रात्रींवर आहे असं समजायचं. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं.

३० ऑगस्ट २०२४

आज. संध्याकाळी पाचलाच कळीचं टोक सैल झालेलं आणि बाहेरच्या अरुंद, गुलाबी-तपकिरी पाकळ्या सुटलेल्या. साडेआठनंतर उमलायला लागलं आणि डोळ्यांदेखत उमलत गेलं. दहाच्या सुमारास वास जिन्यापर्यंत. साडेअकराला पूर्ण. वीतभर फूल, पांढऱ्या पाकळ्यांचे थर, आत पुंकेसरांचा दाट झुपका आणि त्यातून पुढे आलेला ताऱ्यासारखा फाटलेला स्त्रीकेसर. लोकांना यात शेषशायी विष्णू दिसतो. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, मुलं जागी राहिली, खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले. चार फुलं आज, उरलेली दोन उद्या.

मला इतका आनंद क्वचित झाला आहे. दोन वर्षं नुसती पानं सांभाळली होती.

व्यवहाराचं: उमलताना पाणी फवारू नये, पुंकेसर चिकटतात. कुंडी उचलून लोकांना दाखवायला नेऊ नये, लोकांनी गॅलरीत यावं. फूल तोडून देवापुढे ठेवायचं असेल तर पूर्ण उमलल्यावर, नळीसकट कापावं. अर्धवट उमललेलं कापलं तर पुढे नीट उमलत नाही.

३१ ऑगस्ट २०२४

सकाळी फुलं मान टाकून लोंबलेली. ओढून काढू नयेत, खाच फाटते. आपोआप वाळून गळू दिली. फळ धरलं नाही. एकाच झाडाच्या पानांपासून वाढवलेल्या रोपांत ते सहसा धरत नाही, त्यामुळे वाढवायचं ते पान लावूनच.

९ फेब्रुवारी २०२५

कुंडी २ महिनाभर मलूल. पाणी दिलं तरी पानं भरत नाहीत, वरून कीड दिसत नाही. कुंडीच्या बाजूच्या भोकांतून मुंग्यांची ये-जा. उलटी करून काढलं तर मुळांभोवती पांढरा पीठ-कापूस: मुळांवरचे पिठ्या ढेकूण. वरून फवारलेलं तेल तिथे पोचत नाही.

सगळं मिश्रण फेकलं, कंपोस्टमध्येही नाही. मुळं नळाखाली धुतली, मेलेली काळी मुळं कापली, उरलेली कडुनिंबाच्या तेलाच्या पाण्यात बुडवून काढली. दोन दिवस सावलीत सुकवून नव्या मिश्रणात, त्यात निंबोळी पेंड दुप्पट. कुंडी उकळत्या पाण्याने धुतली. आणि कुंड्या आता सरळ फरशीवर नाहीत, विटांवर. मुंग्यांचा रस्ता विटेवर दिसतो तरी.

सोडण दोन-अडीच वर्षांत मऊ होऊन चुरा होतो हेही या निमित्ताने कळलं. चुरा झाला की मिश्रण पुन्हा मातीसारखं घट्ट. म्हणून कुंडी १ चंही मिश्रण बदललं, मुळं न छेडता, कडेचं तेवढं काढून नवं भरलं. कुंडीचा आकार वाढवला नाही. मोठ्या कुंडीत ओल जास्त काळ राहते आणि हे झाड थोडं अडचणीतच बरं फुलतं.

१४ सप्टेंबर २०२५

या वर्षी कुंडी १ ला दोन बहर: जुलैच्या शेवटी चार फुलं, परवा तीन. कुंडी २ ला काही नाही, मुळं पुन्हा धरण्यात तिचं वर्ष गेलं. नवे दोन सोटे आले आहेत, तेवढं पुष्कळ.

कुंडी ३ शेवटी जूनमध्ये हॉलमधून गॅलरीत आणली. एकदम उन्हात नाही. आधी कुंडी १ च्या मागे, मग महिन्याभराने पुढे. नवी पानं रुंद आणि गडद येत आहेत. जुनी अरुंद पानं कापायचा विचार होता, पण त्यांच्या टोकांना आता चपटे फुटवे दिसतात म्हणून ठेवली.

१९ ऑक्टोबर २०२५

आतापर्यंतचा खर्च दोन हजारांच्या आत: कुंड्या, जाळी, तेल, पेंड, गांडूळखत. सोडण आणि ०:५२:३४ मागून मिळालं, नाही तर थोडा वाढला असता. बहुतेक पैसा पहिल्या वर्षीच गेला.

पानं मागणाऱ्यांची यादी मोठी झाली आहे. आता देणार नाही, थंडीत मुळं धरायला फार वेळ लागतो. मेमध्ये या. जुनं, जाड, न फुललेलं पान देईन, खालच्या टोकाला खूण करून आणि माझ्याकडेच आठवडाभर सुकवून. येताना मिश्रण तयार करून, बाजूला भोकं पाडलेल्या कुंडीत भरून आणा. सहा इंची पुरे.

माझ्या तीन कुंड्यांचं पाणी या आठवड्यापासून कमी, खत मार्चपर्यंत बंद. कुंडी २ ची मुळं जानेवारीत बाजूच्या भोकांतून एकदा तपासायची आहेत.